मोतोकोचा अंगरखा

गेल्या महिन्यात भाच्यानं फोन माझ्यापुढे धरला. "मामा, ही बघ, तुझी मोतोको!" मोबाइलवरच्या नेमबाजीच्या एका खेळात त्याला मेजर मोतोको कुसानागीची स्किन, म्हणजे पात्रावर चढवायचं बाह्यरूप, मिळाली होती. जांभळट केस, ती थंड नजर, सगळं हुबेहूब. मग त्यानं तिला पळवलं आणि माझा हिरमोड झाला. त्या खेळातला कुठलाही शिपाई पळतो तशीच ती पळत होती. तितकीच उंच उडी, तितक्याच गोळ्यांत मरण. जिचं शरीर हाच ज्या कथेचा सगळा प्रश्न आहे, तिचं शरीर तेवढं काढून घेतलं होतं आणि चेहरा ठेवला होता.

मोतोकोच्या यंत्रशरीराची ही कथा, मासामुने शिरोचा 'घोस्ट इन द शेल' हा मांगा (जपानी चित्रकथा), 1989 पासून छापून येऊ लागली. 1995 चा मामोरू ओशीचा चित्रपट आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलाय, म्हणून कथा सांगत बसत नाही. मला बोलायचंय ते या आणि अशा मांगांवरून निघालेल्या खेळांबद्दल. पस्तीसेक वर्षांत असे खेळ ढिगानं आले. त्यांतले जे टिकले त्यांनी मांगातली एखादी हालचाल, एखादी शारीरिक जाणीव खेळणाऱ्याच्या हातात दिली. बाकीच्यांनी चेहरे दिले. आज तर चेहऱ्यांचंच दुकान मांडलंय आणि त्यालाच रूपांतर म्हणण्याची पद्धत पडली आहे.

1997 साली पहिल्या प्लेस्टेशनवर आलेला 'घोस्ट इन द शेल' मी अजूनही वर्षातून एकदा काढतो. तो एग्झॅक्ट या स्टुडिओनं केला. 'जंपिंग फ्लॅश' करणारी हीच मंडळी. त्या खेळात दुसरी उडी मारली की नजर आपोआप खाली वळायची, आपली सावली जमिनीवर दिसायची आणि पोटात खड्डा पडायचा. उंचीची भीती त्यांनी हातात आणून दिली होती. अशा लोकांकडे शिरोचा मांगा गेला आणि त्यांनी काय केलं? नायिकेला बाजूला ठेवलं. खेळणाऱ्याला मोतोकोच्या पथकातला, सेक्शन नाइनमधला, एक नवखा, बिननावाचा भिडू बनवलं आणि फुचिकोमात बसवलं.

फुचिकोमा म्हणजे तो कोळ्यासारखा चार पायांचा, बुद्धी असलेला रणगाडा. ओशीच्या चित्रपटात तो नाही. मांगात मात्र तो पानोपानी बडबडतो, हट्ट करतो, माणसांविरुद्ध बंड करावं का यावर आपल्या भावंडांशी वाद घालतो. एग्झॅक्टनं त्याची चाल पकडली. रस्त्यावरून सुसाट जाताना समोर इमारत येते. तुम्ही थांबत नाही, बटण दाबून ठेवत नाही. पुढचे पाय भिंतीला लागतात, क्षितिज कलंडतं आणि मघाशी जी भिंत होती ती आता जमीन झालेली असते. रस्ता तुमच्या पाठीमागे उभा टांगलेला. गोळ्या समोरून येत असतात आणि समोर म्हणजे खरं तर वर. मग छत. छताला चिकटून खालच्या शत्रूवर नेम धरताना डोक्यात वर-खालीचा हिशेब पहिल्यांदा विस्कटतो आणि तासाभरात नव्यानं बसतो. वेगळं शरीर मिळालं तर जग वेगळं दिसतं, हे शिरो चित्रांतून आणि समासातल्या त्या गच्च भरलेल्या टिपांतून सांगत होता. इथे ते मनगटाला कळतं. (संगीताचंही सांगायला हवं. ताक्क्यू इशिनो, डेट्रॉइटचा डेरिक मे अशांचं टेक्नो. ते फुचिकोमाच्या वेगाला असं बिलगतं की आवाज बंद करून हा खेळ खेळणं मला जमलेलं नाही.)

खेळ छोटा आहे हे खरं. मोहिमा डझनभर, एका संध्याकाळी संपतात. आज खेळाची किंमत त्याच्या तासांवर करणाऱ्यांनी तो खुशाल नाकारावा.

त्यानंतरचं भराभर सांगतो. 2004 चा प्लेस्टेशन 2 वरचा 'स्टँड अलोन कॉम्प्लेक्स' त्याच नावाच्या मालिकेचा आज्ञाधारक मुलगा होता. शत्रूच्या मेंदूत शिरून त्यालाच चालवायची युक्ती त्यात होती, पण अधूनमधून, चटणीसारखी. 2005 चा पीएसपीवरचा खेळ विसरलात तरी चालेल. कोरियाच्या निओपलनं केलेला 'फर्स्ट असॉल्ट' ऑनलाइन नेमबाजीचा होता. सोबत्यांनी एकमेकांची कौशल्यं वाटून घ्यायची, ही त्यातली एक कल्पना खरोखर शिरोच्या घरची होती. 2017 मध्ये तो बंद पडला. दुसऱ्या मांगांचं म्हणाल, तर 'अकिरा'वरून 1988 मध्येच टाइटोनं फॅमिकॉमवर चित्रं दाखवून पर्याय विचारणारा खेळ काढला आणि 2002 मध्ये त्याच 'अकिरा'चं पिनबॉल झालं. त्यावर मी शब्द खर्च करणार नाही.

ओसामू तेझुकाच्या 'अ‍ॅस्ट्रो बॉय'वर मात्र करेन. 2003 मध्ये ट्रेझरनं हिटमेकरबरोबर गेम बॉय अ‍ॅडव्हान्ससाठी 'ओमेगा फॅक्टर' केला. तेझुका आपली पात्रं नटांसारखी वापरायचा. आपल्या जुन्या नाटक मंडळ्यांत तोच नट आज राजा आणि उद्या चोर व्हायचा, तसंच. या खेळात तेझुकाच्या निरनिराळ्या मांगांतली माणसं भेटत राहतात आणि अ‍ॅस्ट्रोची ताकद वाढते ती त्या ओळखींतून. शत्रू कितीही लोळवा, त्यानं ती वाढत नाही. कुणाला भेटलात, कुणाचं दुःख समजून घेतलंत, त्यावर एक खूण मिळते आणि ती तुम्ही मुठीला द्यायची, पायातल्या जेटला द्यायची की कानांना, हे तुम्ही ठरवायचं. अर्ध्यावर तो सारं हरतो. मग फिनिक्स पक्षी त्याला परत पाठवतो आणि तोच प्रवास जास्त जाणत्या मनानं पुन्हा करायचा. यंत्रमानव माणूस कसा होतो, हा तेझुकाचा आयुष्यभराचा ध्यास इथे खेळाचा नियम झालाय. याला मी रूपांतर म्हणतो.

आता स्किनच्या बाजूनं जो युक्तिवाद होतो तो पाहू, कारण तो वरवर चलाख आहे. शिरोच्या कथेत शरीर म्हणजे बदलता येणारं कवच. मग मोतोकोचं कवच चढवणं याहून प्रामाणिक रूपांतर कोणतं? हे मी दोन-तीन जाणत्या माणसांच्या तोंडून ऐकलंय आणि दर वेळी चिडलोय. स्पर्धेच्या खेळात स्किनचा पहिला नियमच हा असतो की तिनं काहीही बदलता कामा नये. तिनं वेग वाढला तर पैसेवाला जिंकेल, म्हणून प्रत्येक शरीर सारखंच ठेवावं लागतं. म्हणजे शरीर बदललं की माणूस बदलतो का, हा शिरोचा प्रश्न तिथे नियमानंच विचारता येत नाही. 'फोर्टनाइट'मध्ये 2023 साली 'अटॅक ऑन टायटन'चा एरेन आला, तेव्हा त्याच्याबरोबर ती दोरांनी झेपावण्याची यंत्रणा तरी आली. मोतोकोबरोबर केसांचा रंग आला!

आणि कवच कुणाचं, हे कुणी विचारत नाही. ओशीच्या चित्रपटातली मोतोको स्पष्ट सांगते की नोकरी सोडायची तर हे शरीर आणि त्यातल्या काही आठवणी सरकारला परत कराव्या लागतील. 'फर्स्ट असॉल्ट'चे सर्व्हर थांबले तेव्हा लोकांनी जमवलेलं सगळं तिथल्या तिथे गेलं. भाच्याची मोतोकोही त्याची नाही, तो खेळ चालू आहे तोवर वापरायला दिलेली आहे. या माध्यमाच्या हातात शिरोचा प्रश्न आयता आला होता, खेळणाऱ्याच्या अंगावर आणून सोडण्याइतका जवळ आला होता. त्याचा गल्ला झाला. हे करणाऱ्यांना मांगा कळत नाही असं मी मानत नाही. मांगा त्यांना कळतो. भिंतीवर चढणारं यंत्र नव्यानं घडवायला वर्षं लागतात, चेहरा चढवायला त्या मानानं काहीच लागत नाही, हेही त्यांना कळतं. 1997 मधल्या त्या प्लेस्टेशनची स्मरणशक्ती दोन मेगाबाइटची होती. साधनं अपुरी पडतात ही सबब कुणी मला देऊ नये.

मग एका रविवारी भाच्याला मी माझ्या जुन्या प्लेस्टेशनसमोर बसवलं. चित्रं बघून तो आधी हसला. दहा मिनिटांनी फुचिकोमा एका इमारतीवर चढला आणि पोरानं कंट्रोलरसकट अख्खं अंग डावीकडे कलतं केलं. मान खांद्याला टेकेपर्यंत. पुढे छत आलं तेव्हा त्यानं पाय सोफ्यावर घेतले.

"मामा, यात मोतोको कधी मिळते?"

"मिळत नाही. मध्ये मध्ये दिसते."

"बरं," तो म्हणाला आणि पुन्हा भिंतीकडे वळला.