रोकिनच्या काचेत काय नाही?

मंडळी, आम्स्टरडॅमला पाहुणे आले की आपण त्यांना व्हॅन गॉखची चित्रे दाखवतो, कालव्यातून बोटीची फेरी मारतो, ट्युलिपचा मोसम असेल तर क्युकेनहॉफ गाठतो. त्या यादीत दोन मेट्रो स्थानकांची भर घालावी, असे मी सुचवीन. एक नीवमार्क्टचे आणि दुसरे रोकिनचे. दोन्ही ठिकाणच्या कलेचे कौतुक होते आणि ते रास्तच आहे. पण ही स्थानके एकापाठोपाठ पाहिली की वेगळाच प्रश्न मनात येतो. लोकांच्या पैशाने आणि लोकांच्या घरांखालून रेल्वे नेताना घेतलेल्या निर्णयांचा हिशेब शहर लोकांपुढे कसा मांडते? या लेखात दोन्ही स्थानकांचे परीक्षण त्या नजरेने करायचे आहे.

आधी नीवमार्क्ट. सत्तरच्या दशकात पूर्वेकडच्या मेट्रोसाठी या जुन्या वस्तीतली घरे पाडायचे ठरले. रहिवासी अडून बसले. २४ मार्च १९७५ रोजी पोलीस आणि आंदोलक यांच्यात मोठी चकमक झाली. घरे पडली, मेट्रो झाली आणि १९८० मध्ये ती सेंट्रल स्टेशनपर्यंत पोहोचली. मात्र वस्तीतून जाणाऱ्या रुंद रस्त्याचा बेत त्याआधीच सोडून द्यावा लागला होता, आणि आखलेले पुढचे मेट्रोमार्गही बासनात गेले. आज त्या स्थानकात भिंत फोडणारा लोखंडी गोळा आहे, आंदोलनाची दृश्ये आहेत. ज्या मेट्रोला लोकांनी विरोध केला, तिच्याच भिंतीवर त्या विरोधाला जागा मिळाली. हा मोठेपणा मानलाच पाहिजे. उणीव एवढीच, की इथे लढाई दिसते पण निर्णय दिसत नाही. काय ठरले, कोणी ठरवले, काय रद्द झाले, हे प्रवाशाला कळत नाही. संताप हळूहळू सजावट होऊन जातो.

आता रोकिन. जुलै २०१८ मध्ये सुरू झालेल्या उत्तर-दक्षिण मार्गावरचे, म्हणजे आपल्या ५२ नंबरच्या मेट्रोवरचे हे स्थानक. खोदकामात आम्स्टेल नदीच्या जुन्या पात्रातून सुमारे सात लाख वस्तू आणि तुकडे निघाले. त्यांतल्या साडेनऊ हजारांच्या आसपास वस्तू सरकत्या जिन्यांच्या मधोमध काचेत मांडल्या आहेत. किल्ल्या, नाणी, मातीच्या चिलमी, खेळणी, थेट आपल्या काळातले मोबाइल फोनसुद्धा! मांडणी इतकी देखणी, की जिना संपूच नये असे वाटते. राजेरजवाड्यांऐवजी सामान्य माणसाच्या हातून निसटलेल्या वस्तूंना मान देणारे इतके सुंदर प्रदर्शन मी दुसरे पाहिलेले नाही.

तरीही माझी तक्रार आहे. शहराच्या हातून पडलेले सारे काही इथे आहे, फक्त याच मेट्रोच्या कामात जे निसटले ते कुठे दिसत नाही.

ते काय होते? २५ जून १९९७ रोजी या मार्गावर शहरात सार्वमत झाले. मतदान करणाऱ्यांपैकी सुमारे ६५ टक्के लोकांनी विरोध नोंदवला. पण पाव मतदारही मतदानाला आले नव्हते, आणि नियमाप्रमाणे निकाल मान्य व्हायला विरोधाची सुमारे दीड लाख मते लागत होती. तेवढी पडली नाहीत आणि काम पुढे गेले. २००२ मध्ये नगरपरिषदेने मंजुरी दिली तेव्हा अंदाज दीड अब्ज युरोच्या आतला होता. शेवटी खर्च ३.१ अब्जांवर गेला. ९.७ किलोमीटरचा मार्ग २०११ मध्ये सुरू व्हायचा होता, तो सात वर्षे उशिरा झाला. २००८ मध्ये फाइझलग्राख्तवर स्थानकाच्या भिंतीतून पाणी आले आणि विणकरांची जुनी घरे जून व सप्टेंबरमध्ये अशी दोनदा खचली. फेब्रुवारी २००९ मध्ये जबाबदार वेटहाउडर त्येर्ड हेरेमा यांनी राजीनामा दिला.

त्यानंतर जे झाले, ते मला या साऱ्या प्रकरणातले सर्वांत मोलाचे वाटते. नगरपरिषदेने मॉरिस लिमेन यांच्या अध्यक्षतेखाली स्वतःच चौकशी समिती नेमली. संबंधितांच्या जाहीर साक्षी झाल्या आणि डिसेंबर २००९ मध्ये अहवाल आला. पहिले अंदाज फार आशावादी होते, परिषदेपर्यंत माहिती नीट पोहोचली नाही, आणि परिषदेनेही आपले देखरेखीचे काम पुरेसे केले नाही, असे त्यात निघाले. स्वतःच्या सभागृहाच्या पदरातही दोष घालणारा असा अहवाल रोज निघत नाही. पण तो घरे खचल्यावर आला. 'वरातीमागून घोडे' म्हणतात ते हेच.

बरे, मेट्रो वाईट झाली का? मुळीच नाही. उत्तरेहून दक्षिणेला आज किती झटकन जाता येते, हे आपण जाणतोच. पण काम चांगले झाले म्हणून हिशेब मागायचा नाही, असे थोडेच आहे? मुंबईत ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रो-३ च्या कारशेडसाठी आरेतली झाडे एका रात्रीत तोडायला सुरुवात झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाने थांबा म्हणेपर्यंत दोन हजारांहून अधिक पडली होती. आज ती मेट्रोही धावते आणि लोकांना हवीशीही वाटते. तिथल्या भिंतीवरही त्या रात्रीची नोंद असावी, असे मला वाटते.

आता आपल्या दारातली गोष्ट. मार्च २०१९ मध्ये आम्स्टेलवेनची ५१ नंबरची गाडी बंद झाली आणि डिसेंबर २०२० मध्ये २५ नंबरची ट्राम आली. शहरात थेट जाणाऱ्यांना आता झाउड स्थानकावर गाडी बदलावी लागते. गणपतीच्या पंगतीत या बदलावर पुष्कळ चर्चा ऐकली, पण तो कोणी ठरवला हे विचारले की पंगत गप्प! या भागातली बस, ट्राम आणि मेट्रो व्हरव्हूररेगिओ आम्स्टरडॅम ही प्रादेशिक संस्था ठरवते. तिला आपण थेट निवडत नाही. आम्स्टरडॅम, आम्स्टेलवेन, हार्लेमरमेर अशा खेमेंटेंचे प्रतिनिधी तिच्या परिषदेवर बसतात. म्हणजे आपली दोरी खेमेंटेच्या मतपेटीतून जाते.

आणि ती दोरी आपल्याही हातात आहे. सलग पाच वर्षे इथे कायदेशीर राहिलेल्या, युरोपीय संघाबाहेरच्या माणसालाही १९८६ पासून खेमेंटेच्या निवडणुकीत मत देता येते. त्यासाठी डच पासपोर्ट लागत नाही. सरकारी कागद मागायचे असतील तर २०२२ पासून लागू झालेल्या 'वो' कायद्याखाली कोणीही अर्ज करू शकतो. आपल्याकडच्या माहिती अधिकाराचाच हा भाऊ. वेळापत्रक आणि तिकीटदर यांवर प्रवासी संघटनांचा सल्ला घेणे तर कायद्यानेच बांधून दिले आहे. 'आपण काय, इथे पाहुणे' हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येते. पण कर भरणारी, मुलांना इथल्या शाळेत घालणारी माणसे पाहुणी कशी?

रोकिनच्या काचेत आणखी एक वस्तू ठेवावी, अशी माझी सूचना आहे. १९९७ च्या सार्वमताची एक मतपत्रिका, आणि शेजारी अंदाजाचा व प्रत्यक्ष खर्चाचा आकडा. आणि पुढच्या निवडणुकीत उमेदवार दारी आला, तर त्याला एवढेच विचारावे, की आपल्या खेमेंटेतून व्हरव्हूररेगिओच्या परिषदेवर कोण बसते, आणि तिथे ट्रामविषयी त्यांनी काय मत दिले?