फास्टर फेणेचें वय

भा. रा. भागवतांचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे २०१७ सालीं आदित्य सरपोतदार यांनीं पडद्यावर आणला, तेव्हां टिटवाळ्यांतील आमच्या परिचयाचे आईबाप मुलांइतक्याच उत्कंठेनें तो पाहावयास गेले. परतले ते कुरकुरतच. कथेंत मोबाईल आला म्हणून ही कुरकुर, असा कित्येकांचा समज आहे. तो आम्हांस मान्य नाहीं. काळ बदलला कीं साधनें बदलणारच. खरा आक्षेप वयाचा आहे. फुरसुंगीचा फेणे हा शाळकरी पोर. हातीं अधिकार नाहीं, पैसा नाहीं, मोठीं माणसें ऐकून घेतील याचा भरंवसा नाहीं. आहेत ते दोन तीक्ष्ण डोळे, सायकल आणि तोंडीं ‘ट्टॉक’! म्हणूनच तो चोरामागें धांवूं लागला कीं दहा वर्षांच्या वाचकाचा श्वास अडकतो. चित्रपटांतील फेणे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेस बसणारा तरुण आहे. अमेय वाघ चपळ, गिरीश कुलकर्णींचा खलनायक भेदक. परंतु ही जोडी कोणत्याही रहस्यपटांत शोभली असती. दिलीप प्रभावळकरांच्या रूपानें खुद्द भागवत कथेंत आले, ही भेट गोड खरी. पण लेखकास पडद्यावर आणून त्याच्या पोरास मोठें करून टाकावें, हा सौदा महागच! दूरदर्शन-मालिकेंत सुमीत राघवनचा फेणे निदान मुलगाच होता.