मांडीवरची थाप

माझ्या फोनमध्ये मिलवॉकीच्या जर्मन फेस्टमधलं पावणेदोन मिनिटांचं चित्रीकरण आहे. मिशिगन तळ्याकाठचा मंच, जुलैचं ऊन, मागे अकॉर्डियन, आणि रिंगणात आमच्या शेजारचे ओपा. ओपा म्हणजे आजोबा. त्यांची नातवंडं हाक मारायची, म्हणून आमची मुलंही. ते गेल्यापासून मी हे चित्रीकरण कितीदा पाहिलं असेल, मोजलेलं नाही.

नाच आहे शूप्लाटलर, बव्हेरिया आणि टिरोलच्या डोंगरांतला. बाया गिरक्या घेत फिरतात आणि पुरुष मांडीवर, गुडघ्यावर, बुटाच्या तळव्यावर थापा मारत उड्या घेतात. रानकोंबड्याच्या जातीतला एक पक्षी मादीसमोर नाचतो, त्याची ही नक्कल असं सांगतात. साथीला लेंडलरचं संगीत; त्याची चाल तीन मात्रांची, पहिलीवर वजन. नवशिका थाप जीव खाऊन मारतो. आवाज मोठा येतो, पण सुटा सुटा. ओपांचा हात बघा. मनगट सैल, तळवा किंचित पोकळ. हरणाच्या चामड्याच्या तुमानीवर तो पडतो तेव्हा डग्ग्यासारखा गोल, भरलेला आवाज येतो. तोच तळवा बुटाला लागताना चपटा होतो आणि आवाज कोरडा निघतो, टाळीसारखा. एकाच माणसाच्या अंगातून दोन वाद्यं वाजतायत. हे मला दहाव्या की बाराव्या वेळी ऐकू आलं, आणि त्यानंतर दुसरं काही ऐकूच येईना.

मग लय चढते. उजवा पाय पाठीमागे उचलला जातो आणि हात न बघता त्याला गाठतो. अशा वेळी ओपांच्या टोपीकडे पाहावं. तिच्यावर गाम्सबार्ट आहे, डोंगरी बकऱ्याच्या केसांचा तुरा, वाऱ्याच्या झुळकीनेही थरथरणारा. खाली पाय तुफान चाललेत आणि खांद्यांपासून वर सगळं शांत.

ही शांतता व्यायामशाळेतली आहे. ओपा तरुणपणी टर्नर हॉलमध्ये समांतर बारवर कसरत करत आणि रविवारी फुटबॉल खेळत. बर्लिनच्या हासेनहाइडेत 1811 साली फ्रीडरिश लुडविग यानने उघड्यावर व्यायामाचं मैदान सुरू केलं, तिथून ही परंपरा निघाली. यानचा राष्ट्रवाद मला कोता वाटतो. पण जर्मनीतली 1848ची क्रांती फसल्यावर जे टर्नर, म्हणजे या परंपरेतले व्यायामपटू, अमेरिकेत आले, ते गुलामगिरीच्या विरोधात उभे राहिले. मिलवॉकीतली त्यांची संस्था 1853ची; तिची विटांची इमारत एकेकाळच्या फोर्थ स्ट्रीटवर अजून उभी आहे. उडी उंच जाण्यापेक्षा ती उतरते कशी, हे महत्त्वाचं, असं ओपा मुलांना शिकवायचे. चित्रीकरणात त्यांचे पाय मंचावर टेकतात तेव्हा फळ्यांचा आवाज होत नाही. सत्तरीच्या माणसाचे पाय!

आणि मग माझा सगळ्यात आवडता क्षण. थापा एकदम थांबतात. इतका वेळ एकटी गिरक्या घेत राहिलेली ओमा, त्यांची बायको, मागे न बघता हात पुढे करते. तिथे त्यांचा हात असतो. दोघं वॉल्ट्झ धरतात. ओपा काहीतरी बोलतात आणि ओमा हसते. काय बोलले ते अकॉर्डियनमध्ये बुडून गेलंय. तालमीच्या रात्री यांच्या मुली सभागृहातल्या बाकांवर कोटांच्या ढिगात झोपलेल्या असायच्या, असं ओमा सांगायची. मुलींच्या पोहण्याच्या शर्यती, नातवंडांचे फुटबॉलचे सामने, सगळीकडे ओपा काठावर उभे असायचे, हातात थर्मास.

ओपा नाचताना घालायचे तो डोंगरी पोशाख टिकावा म्हणून बायरिशत्सेल गावातल्या योझेफ फोगल नावाच्या शिक्षकाने 1883 साली पहिली मंडळी जमवली. तोवर आखूड चामडी तुमानी मागे पडत चालल्या होत्या. ओपांची तुमान त्यांच्या वडिलांकडून आलेली. दोन्ही मांड्यांवर, हात जिथे पडतो तिथे, चामडं काळं आणि आरशासारखं गुळगुळीत झालेलं.

या जुलैत ती तुमान नातवाने घातली होती. अठरा वर्षांचा, ओपांपेक्षा चांगला वीतभर उंच. मी पुढच्या रांगेत होतो. त्याची थाप त्या काळ्या डागाच्या दोन बोटं खाली पडत होती.