काझीच्या दप्तरातील यहुदी शेजारी

आमच्या बहुतेक वाचकांच्या मनातील जेरुसलेमचा यहुदी हा बायबलमधला यहुदी असतो. शास्त्री, परुशी, जकातदार, मंदिराच्या अंगणातील सराफ, ही माणसे आम्ही लहानपणापासून ओळखतो. इ. स. 70 मध्ये रोमन सैन्याने मंदिर उद्ध्वस्त केले आणि तेथे हा यहुदी आमच्या नजरेआड होतो. पुन्हा तो भेटतो तो एकदम विसाव्या शतकातील छळछावण्यांत. मधल्या अठराशे वर्षांत ही माणसे काय विकत होती, कोणाच्या घरात भाड्याने राहत होती, कोणाशी भांडत होती, हा प्रश्न आम्हांस सहसा पडत नाही. अॅम्नॉन कोहेन यांच्या ग्रंथांचे मोल येथे आहे. 'ज्यूइश लाइफ अंडर इस्लाम' हा त्यांचा सोळाव्या शतकातील जेरुसलेमवरील ग्रंथ 1984 मध्ये प्रसिद्ध झाला आणि 1994 मध्ये एलिशेवा सायमन-पिकाली यांच्या साह्याने त्यांनी 'अ वर्ल्ड विदिन' या नावाने मूळ कागदांची भाषांतरेच अभ्यासकांपुढे ठेवली.

हे कागद म्हणजे जेरुसलेमच्या काझीच्या न्यायालयातील नोंदवह्या. 1516 मध्ये हे नगर उस्मानी तुर्कांच्या हाती गेले. त्यानंतर थोड्याच वर्षांनी सुरू होणाऱ्या या वह्यांचे शेकडो खंड आज उपलब्ध आहेत. खरेदीखते, भाडेपट्टे, कर्जे, वारसा, नेमणुका, मारामाऱ्या, सारे काही त्यांत नोंदलेले आहे. काझी, वकील, जामीन, वक्फ, महजर हे त्या कचेरीतील शब्द मराठी दप्तरांच्या वाचकास परके वाटणार नाहीत. आमच्याकडील जुन्या वतनाच्या तंट्यांत ते पानोपानी भेटतात.

या वह्यांतून दिसणारा यहुदी समाज लहान होता. करवसुलीसाठी केलेल्या गणतीत 1525-26 मध्ये त्यांची 199 कुटुंबे नोंदली गेली, तर 1553-54 मध्ये 324. परंतु हे संख्याबळ कागदावर येते तेव्हा ते आकडा म्हणून राहत नाही. जिझिया कोणी भरावयाचा, यादीतला कोण मेला, कोण गाव सोडून गेला, यावर समाजाचा शेख काझीसमोर वाद घालतो. कसाई, सोनार, वैद्य येतात. यहुदी कसायाने कापलेले जे जनावर त्याच्या धर्मनियमांप्रमाणे निषिद्ध ठरे, ते मुसलमान गिऱ्हाइकास विकले जाई. साहजिकच त्यावरून कुरबुरी होत. जैतून डोंगराच्या उतारावरील दफनभूमीसाठी यहुदी समाज सालाहिया मदरशाच्या वक्फाला भाडे देत असे. हा मदरसा म्हणजे धर्मयुद्धकाळातील संत अॅनाचे चर्च. सलाउद्दीनने त्याचे विद्यालय केले होते. ख्रिस्ती वास्तूतील मुसलमान संस्थेला यहुद्यांनी आपल्या मृतांच्या जागेचे भाडे द्यावे, या एका व्यवहारात त्या नगराचा सारा इतिहास गोळा झालेला आहे.

सर्वांत विचार करावयास लावणारी गोष्ट वेगळीच आहे. यहुदी समाजास स्वतःचे धर्मन्यायाधीश होते. आपसांतील तंटे परक्यांच्या न्यायासनापुढे नेऊ नयेत, असा रब्बींचा आग्रह होता. तरीही यहुदी माणसे, आणि त्यांत स्त्रियाही, काझीकडे जात राहिली. काझीच्या निकालामागे राजसत्तेचे बळ होते, आणि त्याच्या वहीत चढलेला व्यवहार नाकारणे कोणास सोपे नव्हते. तेथे यहुद्यास मोशेला तोरा देणाऱ्या परमेश्वराची शपथ घ्यावयास सांगितले जाई. परक्याच्या न्यायालयात त्याला त्याच्याच देवाचे नाव घेऊ दिले जाते, ही बाब लहान नव्हे.

या पुराव्यावरून कोहेन यांचा निष्कर्ष असा की, दुय्यम दर्जा असूनही हा समाज एकंदरीत सुरक्षित होता, आपला अंतर्गत कारभार स्वतः पाहत होता आणि काझीकडून त्यास न्याय मिळत होता. केवळ छळाची आणि अश्रूंची कहाणी सांगणाऱ्या इतिहासलेखनास हे उत्तर आवश्यक होते, असे आम्हांस वाटते. मात्र ते पूर्ण उत्तर आहे, असे वाटत नाही.

न्यायालयाची वही ही कारकुनाच्या ठरीव शब्दांत लिहिलेली असते. फिर्यादीचा संताप, हुंदका, भीती त्या साच्यातून गळून पडते, आणि जी फिर्याद करण्याचे धाडसच झाले नाही तिला तर वहीत पानच नसते. यहुद्याची साक्ष मुसलमानाविरुद्ध ग्राह्य धरली जात नसे. तेव्हा किती जण घरूनच निघाले नसतील? शिवाय काझीची वही हे एकच दप्तर नव्हे. 1576 मध्ये सुलतानाच्या दरबारातून साफेद नगरातील 1000 यहुद्यांना सायप्रस बेटावर हलविण्याचा हुकूम निघाला. तो पुढे रद्द झाला खरा, पण घरातले सामान बांधावे की नाही या विवंचनेत त्या माणसांनी काढलेले दिवस कोणत्या वहीत शोधावयाचे? खुद्द जेरुसलेममध्ये 1586 च्या सुमारास रामबानचे प्राचीन सभास्थान यहुद्यांसाठी बंद झाले. काझीच्या वहीतील शांतता खरी होती, परंतु ती वरच्या मर्जीवर टिकून होती. कोहेन यांच्या मांडणीत या दुसऱ्या बाजूचे वजन कमी पडते.

असे असूनही या ग्रंथांनी आम्हांस अस्वस्थ केले, ते दुसऱ्याच कारणाने. त्याच शतकात, आमच्या किनाऱ्यावर, यहुदी जीवनाची नोंद ठेवणारे आणखी एक न्यायालय उभे राहिले होते. 1560 मध्ये गोव्यात धर्मन्यायासन स्थापन झाले. ज्यांना पोर्तुगीज राजाने मुंबई बेट भाडेपट्ट्याने दिले होते, ते वैद्य गार्सिया द ऑर्टा 1568 मध्ये गोव्यात वारले. पुढच्याच वर्षी त्यांची बहीण कातारिना हिला गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून जाळण्यात आले आणि 1580 मध्ये ऑर्टा यांची हाडे उकरून जाळली गेली. ऑर्टांच्या घरातील यहुदी आचारधर्माबद्दल आज जे ठाऊक आहे, ते प्रामुख्याने त्यांच्या आप्तांकडून धर्मन्यायासनापुढे वदवून घेतलेल्या जबान्यांतून.

दोन्ही दप्तरे न्यायालयाचीच. दोहोंत यहुद्यांच्या घराचे, स्वयंपाकाचे, सणांचे तपशील. पण एका न्यायालयात माणसे भांड्याकुंड्यांचे, भाड्याचे, पोरक्या मुलांच्या वाट्याचे तंटे घेऊन आपल्या पायांनी गेली. दुसऱ्यात त्यांना आणले गेले, आणि आप्तांविरुद्ध बोलते केले गेले. न्यायालयाच्या कागदावर विसंबणाऱ्या अभ्यासकाने मजकुराआधी हे पाहावे की, बोलणारा त्या दारातून कसा आत आला. कोहेन यांनी हा प्रश्न विचारला असता तर जेरुसलेमच्या वह्यांतील उणीव आणि त्यांचे थोरपण, दोन्ही अधिक स्पष्ट झाली असती.

1965 च्या 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्राने ख्रिस्तसभेने यहुद्यांशी असलेले आपले नाते नव्याने सांगितले. ते नाते प्रवचनात ऐकणे सोपे असते. शेजाऱ्याने कोणत्या दुकानातून मांस घेतले आणि कोणत्या भिंतीवरून भांडण केले, हे जाणून घेतल्यावाचून मात्र तो शेजारी होत नाही. त्या ओळखीसाठी कोहेन यांचे ग्रंथ, त्यांतील उणिवांसह, आमच्या वाचकांनी अवश्य वाचावेत. त्यांच्याशेजारी गोव्याचा तो काळा अध्यायही उघडून ठेवावा.