उन्हाळ्यातले उन्हाळे

समीक्षा म्हणून जी काही करायची ती पुस्तकांचीच का करतात, हे मला उमगलेले नाही. पुस्तक वाईट निघाले तर फार तर एक संध्याकाळ जाते. हॉटेलचे माहितीपत्रक वाईट निघाले, तर वर्षाची रजा जाते आणि घरातली शांतता जाते. तरी त्यावर कोणी चार ओळी लिहीत नाही. साहित्यातली ही उणीव आज भरून काढतो.

निमित्त आमच्या मेहुण्यांचे. त्यांचा मुलगा जपानात नोकरीला आहे. आत्याचे गुडघे दुखतात हे कळल्यावर त्याने खेड्यापाड्यांतल्या, गरम पाण्याच्या झऱ्यांवरच्या सहा हॉटेलांची पत्रके पाठवली. "तिकिटाचं मी पाहतो, हॉटेल तेवढं तुम्ही निवडा."

आम्ही राहतो सिंदी मेघेला, वर्धा शहराला अगदी लागून. नावात मेघे आहे, पण मे महिन्यात आभाळात औषधालाही ढग नसतो. पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेला, की गच्चीवरच्या टाकीचे पाणी असे उतरते की नळाखाली हात धरणारा नास्तिकही रामाचे नाव घेतो. असा माणूस गरम पाण्यात बसायला विमानाने निघाला, हे ऐकून शेजारचे गुरुजी म्हणाले, "काहून भाऊ, टाकी फुटली का?"

गुरुजींना कायदा ठाऊक नाही. जपानात १९४८ साली गरम झऱ्यांचा कायदा झाला. जमिनीतून निघणारे पाणी २५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून गरम असेल, किंवा त्यात यादीतल्या १९ द्रव्यांपैकी एखादे ठरल्या प्रमाणात असेल, तर ते 'ओन्सेन'. मी घरच्या विहिरीत थर्मामीटर सोडून पाहिला. सत्तावीस! म्हणजे जपानी कायद्याने आमच्या आळीत घरोघरी ओन्सेन आहे. फक्त पाटी लावायची बाकी आहे.

आता पत्रकांकडे वळू. त्यांचा पहिला दोष असा, की त्यांत माणूस नाही. कुंड आहे, वाफ आहे, लाकडी बादली आहे, पाण्यावर एक लाल पान तरंगते आहे. बसायला आलेले लोक कुठे गेले, हे कळत नाही. दुसरा दोष वयाच्या अभिमानाचा. यामानाशी प्रांतातले केइउनकान इ. स. ७०५ पासून चालू आहे; जगातले सर्वांत जुने हॉटेल म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद आहे. म्हणजे ज्ञानेश्वरीच्या ५८५ वर्षे आधी तिथे पाहुण्यांना न्हाऊ घालत होते! आदर वाटतो, पण जिना किती चढायचा, हे गुडघ्याला आदराने कळत नाही. कुसात्सूची गोष्ट मात्र मला आवडली. तिथले पाणी इतके कढत, की ते लांब फळ्यांनी घुसळून निववतात, आणि गाणी म्हणत निववतात. थंड पाणी ओतले तर गुण पातळ होतो म्हणे. आमचे दूधवाले हे तत्त्व मानत नाहीत.

पण जपानातही दूधवाले आहेत. नागानो प्रांतातले शिराहोने हे ठिकाण दुधासारख्या पांढऱ्या पाण्यासाठी नावाजलेले. २००४ साली उघडकीस आले, की तिथल्या काही कुंडांत पांढरेपणा आणणारी पूड टाकत होते. देशभर बोभाटा झाला. २००५ पासून नियमच आला: पाण्यात पाणी मिसळता का, ते तापवता का, तेच ते फिरवता का, औषध टाकता का, हे पाटीवर लिहून लावा. मला विचाराल तर जपानी पर्यटन-साहित्यातली सर्वोत्कृष्ट कृती म्हणजे ही पाटी. तीत एक विशेषण नाही.

आपल्याकडे झऱ्यांची वाण नाही. अमरावती जिल्ह्यात सालबर्डी, किनवटकडे उनकेश्वर, जळगावकडे उनपदेव, ठाण्याकडे वज्रेश्वरी. कोकणात तर गरम झऱ्याला 'उन्हाळे' असेच म्हणतात. आमच्याकडे हा शब्द अनेकवचनात ऐकला तरी घाम फुटतो. आपल्या झऱ्यांना माहितीपत्रक नसते, कथा असते. रामाने बाण मारला आणि ऋषींसाठी पाणी निघाले. कथा सुंदर आहे. पण कपडे बदलायला जागा कुठे, हे रामाने सांगितलेले नाही.

इथे मूळ मुद्दा येतो. एका कुंडावर (नाव कशाला घ्या!) आम्ही सारे पुरुष गळ्यापर्यंत डुंबत होतो. बायकांना आडोसा नव्हता. आमच्या सौभाग्यवतीने पावले बुडवली, पदराने पुसली आणि जाऊन स्टोव्ह पेटवला. गुडघे तिचे होते. चौतीस वर्षांत ती सहलीला पुष्कळ ठिकाणी गेली. स्टोव्हही तितक्याच ठिकाणी गेला. कोकणात उन्हवऱ्याला बायकांचे कुंड वेगळे बांधले आहे, हे त्या गावाचे मोठेपण.

तिने सहा पत्रकांतली चित्रे पाहिलीच नाहीत. तिथे अंगावर चिंधी न ठेवता पाण्यात उतरायचे, हे मी चाचरत सांगितले. ती म्हणाली, "बायकांचं वेगळं असते ना? मग झालं." आणि मग, "चहा कोन करते?" मी वाचून दाखवले: आल्याबरोबर चहा, रात्रीचे जेवण, सकाळची न्याहारी, आपण जेवून येईपर्यंत अंथरूणही घातलेले. ती म्हणाली, "अंथरुणाचं पुन्हा वाचा."

उभ्या साहित्यात याहून नेमकी समीक्षा मी ऐकलेली नाही. पाणी खरे आहे का, आडोसा आहे का आणि चहा कोण करते? पत्रकाला एवढेच विचारावे. बाकी सगळे लाल पान.

या कसोटीवर सहांतले सर्वांत सुमार छापलेले पत्रक पहिले आले. त्यात पाण्याचे तापमान आहे, थंडीत ते तापवून घेतो अशी कबुली आहे, आणि पायऱ्यांना कठडा आहे. १९३३ साली फुजीई गुरुजी गांधीजींना भेटायला वर्ध्याला आले. त्यांच्या प्रेरणेने गोपुरीला जपानी पद्धतीचा शांतिस्तूप उभा राहिला. जपानी माणूस शांतीसाठी वर्ध्याला आला, आमच्या घरची बाई शांतीसाठी जपानला जाते आहे. फिटंफाट!

स्टोव्ह मात्र शेजारच्या गुरुजींकडे ठेवून जाणार आहोत. घरात ठेवला, तर शेवटच्या घटकेला तो आपण होऊन पेटीत जाऊन बसेल.