मक्याच्या वाणांचे उत्पादन-स्थैर्य : एका संकल्पनेची चिकित्सा

प्रास्ताविक

मक्याच्या वाणाची शिफारस करताना सरासरी उत्पादनाबरोबरच उत्पादनाचे स्थैर्यही पाहावे, हे तत्त्व कृषिसंशोधनात सर्वमान्य आहे. एका ठिकाणी अग्रक्रमावर असलेला वाण दुसऱ्या ठिकाणी मागे पडतो. जनुकप्रकार व पर्यावरण यांच्या या आंतरक्रियेमुळे केवळ सरासरीवर विसंबता येत नाही. भारतात १९५७ साली मक्याचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला आणि एकच वाण अनेक ठिकाणी तपासण्याची पद्धत रूढ झाली. तथापि ‘स्थैर्य’ या संज्ञेने नेमके काय मोजले जाते, याचा विचार अनेक शोधनिबंधांत अभावानेच आढळतो. प्रस्तुत लेखात त्याची चिकित्सा करावयाची आहे.

मापनपद्धती

फिनले व विल्किन्सन यांनी १९६३ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातील बार्लीच्या वाणांसाठी समाश्रयणाची पद्धत वापरली. एबरहार्ट व रसेल यांनी १९६६ साली मक्याच्या संकरांच्या आधारे तिला आजचे परिचित रूप दिले. प्रत्येक ठिकाणच्या सर्व वाणांच्या सरासरी उत्पादनावरून पर्यावरण निर्देशांक काढला जातो. त्यानुसार वाणाचे उत्पादन किती बदलते, हे समाश्रयण गुणांक दर्शवितो. सरासरी उत्पादन अधिक, गुणांक एक आणि रेषेपासूनचे विचलन शून्याजवळ, असा वाण स्थिर मानला जातो.

चिकित्सा

पहिला आक्षेप निर्देशांकाविषयी आहे. तो पाऊस, तापमान वा जमिनीचा पोत यांवरून नव्हे, तर तपासलेल्या वाणांवरूनच ठरतो. फ्रीमन व पर्किन्स यांनी १९७१ सालीच या परस्परावलंबनाकडे लक्ष वेधले होते. सोबतचे वाण बदलले की त्याच वाणाचा गुणांकही बदलू शकतो. म्हणून असे स्थैर्य हा वाणाचा अंगभूत गुण ठरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. गुणांक एक याचा अर्थ, इतर वाणांचे उत्पादन जेवढे घटते तेवढेच या वाणाचेही घटते. एक कल्पित उदाहरण घेऊ. प्रतिकूल व अनुकूल परिस्थितीत सर्व वाणांची सरासरी हेक्टरी अनुक्रमे २० व ६० क्विंटल आहे. ‘क’ वाण २५ व ६५ क्विंटल देतो, तर ‘ख’ वाण ३५ व ५०. ‘क’चा गुणांक १ व सरासरी ४५ येते, ‘ख’चा गुणांक ०.३७५ व सरासरी ४२.५. रूढ निकषानुसार ‘क’ची निवड होईल. परंतु तीनपैकी दोन हंगाम प्रतिकूल असतील, तर ‘क’ची सरासरी ३८.३ आणि ‘ख’ची ४० क्विंटल होते. आकडे तेच राहिले, निर्णय मात्र उलटला. संकरित बियाणे दरवर्षी विकत घेणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने प्रतिकूल हंगामातील १० क्विंटलांचा हा फरक निर्णायक ठरतो.

तिसरा आक्षेप जीवशास्त्रीय आहे. फुलोऱ्यात पाण्याचा ताण पडल्यास तुऱ्यातून परागकण बाहेर पडणे व कणसाला केस फुटणे यांतील अंतर वाढते आणि दाणे कमी भरतात. खरिपातील कोरडवाहू व रब्बीतील बागायती मक्याचे प्रयोग एकाच सारणीत मिसळल्यास हे कारण सरासरीत लोपते. पुढील काळात आलेल्या द्विआलेखपद्धतींनी आंतरक्रियेचे चित्र स्पष्ट केले. परंतु न तपासलेल्या परिस्थितीविषयी त्याही आपोआप काही सांगू शकत नाहीत. २०१८ साली भारतात अमेरिकन लष्करी अळी आढळली, तेव्हा तत्पूर्वीच्या चाचण्यांत या किडीचा अंतर्भावच नव्हता.

समारोप

समाश्रयण पद्धती त्याज्य आहे, असे येथे सुचवावयाचे नाही. शिफारशीसाठी मात्र ती एकटी पुरेशी नाही. प्रतिकूल ठिकाणचे उत्पादन स्वतंत्रपणे नोंदवावे, प्रत्येक परिस्थितीला तिच्या वारंवारतेनुसार भार द्यावा, आणि पर्जन्यमान व फुलोऱ्याच्या नोंदी सोबत द्याव्यात. स्थिर म्हणून शिफारस केलेला वाण कोणत्या परिस्थितीत व कोणाच्या शेतावर स्थिर आहे, हे शोधनिबंधाच्या निष्कर्षातच नमूद होणे आवश्यक आहे.