साफी फाय यांचे चित्रपट : वाणी कोणाची?

मानववंशशास्त्राच्या ग्रंथांत ज्या समाजांचे वर्णन येते, त्यांची स्वतःची वाणी तेथे क्वचितच ऐकू येते. सेनेगलच्या साफी फाय (१९४३–२०२३) यांच्या चित्रपटांचे खरे महत्त्व या उणिवेच्या संदर्भातच ध्यानात येते. आरंभी शिक्षिका असलेल्या फाय यांनी पॅरिसमध्ये मानववंशशास्त्र आणि चित्रपटतंत्र या दोहोंचे शिक्षण घेतले व अभ्यासविषय म्हणून निवडले ते आपल्या कुळाचे गाव, फाद्जाल. सहारेच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतील आद्य स्त्री-दिग्दर्शिकांत त्यांची गणना होते. तथापि केवळ या अग्रमानावर थांबणारी समीक्षा अपुरी होय.

'कद्दु बेयकात' (१९७५) या वोलोफ शीर्षकाचा अर्थ 'शेतकऱ्याची वाणी'. फ्रेंच अमदानीत रुजलेल्या भुईमुगाच्या एकपीक शेतीने गाव कसे नागवले, हे त्यात दिसते. पीक बुडते, म्हणून न्गोर या तरुणाचा कुंबाशी विवाह होऊ शकत नाही आणि त्याला मजुरीसाठी डाकारची वाट धरावी लागते. येथे एक आक्षेप संभवतो. वाणी शेतकऱ्याची म्हटली, तरी चित्रपटाला पत्राचे रूप देणारे निवेदन स्वतः फाय यांचे आहे, आणि तेही फ्रेंचमध्ये. गावाचे शब्द सुशिक्षित कन्येच्या मध्यस्थीनेच बाहेर पडतात.

या आक्षेपाचे उत्तर 'फाद्जाल' (१९७९) मध्ये मिळते. येथे गाव आपल्या सेरेर भाषेत बोलते. शाळेतील मुले फ्रान्सच्या राजाचा धडा घोकतात. तीच मुले झाडाखाली वृद्धाच्या तोंडून गावाचा इतिहास ऐकतात. गाव वसविणारी एक स्त्री होती, असे तो इतिहास सांगतो. याच चित्रपटात १९६४ च्या भूमिविषयक कायद्याची चर्चा येते. या कायद्याने स्वतंत्र सेनेगलच्या शासनाने परंपरागत जमिनी राष्ट्रीय मालमत्तेत घेतल्या होत्या. त्यामुळे वृद्धाचे कथन मनोरंजन राहत नाही. ते जमिनीवरील हक्काचे प्रमाण ठरते, आणि त्या प्रमाणाच्या मुळाशी एक स्त्री उभी असते.

फाय यांचा वसाहतविरोध आणि स्त्रीविचार घोषणांत नाही. कोणी, कोणत्या भाषेत, कोणापुढे बोलावे या योजनेत तो आहे. वसाहतीचे राज्य गेले तरी घोकलेला धडा आणि लिखित कायदा मागे उरतात, हे त्यांनी नेमके ओळखले. भाषेच्या अभ्यासकाने यातून घ्यावयाचा बोध असा की, मौखिक कथन टिपून घेताना शब्दांइतकीच त्या शब्दांमागील हक्काचीही नोंद झाली पाहिजे.